घडीची लष्करी सायकल : तिचा शोध आणि तिची ओळख

दुसऱ्या महायुद्धाचीं छायाचित्रें पाहतांना रणगाडे, विमानें आणि तोफा यांच्याकडे आपली दृष्टि आधीं जाते. परंतु ६ जून १९४४ रोजीं फ्रान्समधील नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर घेतलेल्या एका प्रसिद्ध छायाचित्रांत कॅनडाचे सैनिक नौकांवरून उतरत आहेत आणि त्यांपैकीं कित्येकांच्या हातांत चक्क सायकली आहेत. बेर्निएर नांवाच्या गांवाचा तो किनारा. पाठीवर ओझें, समोर शत्रूचा मुलूख आणि हातांत सायकल! इतिहासाच्या तासाला हें चित्र दाखविलें कीं वर्गांतील एखादा मुलगा हमखास विचारतो, "सर, हे लोक लढाईला निघाले कीं सहलीला?"

प्रश्न हसण्यावारीं नेण्यासारखा नाहीं. त्या काळीं ब्रिटिश व कॅनेडियन सैन्याजवळ एक सायकल अशी होती कीं ती मधोमध दुमडून तिची घडी होत असे, आणि ती मूळची विमानांतून खालीं टाकण्यासाठीं योजिलेली होती. अशा सायकली युरोपांत आजही जुन्या गोदामांत, शेतकऱ्यांच्या कोठारांत आणि जुन्या वस्तूंच्या बाजारांत अधूनमधून सांपडतात. त्यांना मोल आलें आहे. आणि जेथें मोल आलें तेथें खोटी वस्तु मागोमाग आलीच. तेव्हां खरी सायकल कशी ओळखावी, आणि ओळखल्यावर तिच्याविषयीं किती बोलावें, या दोन गोष्टींचा विचार येथें करावयाचा आहे. माझ्या मतें दुसरी गोष्ट पहिलीहून अवघड आहे.

घडीची कल्पना त्या युद्धांत जन्मलेली नव्हे. १८९० च्या दशकांत फ्रान्समध्यें कॅप्टन जेरार नांवाच्या अधिकाऱ्यानें मधोमध दुमडून पाठीवर बांधतां येईल अशी सायकल सैन्यासाठीं पुढें आणली. पहिल्या महायुद्धांत इटलीच्या बेर्सालिएरी पलटणींजवळ बियांकी कंपनीच्या घडीच्या सायकली होत्या. त्यांच्या टायरांत हवा नसे, भरीव रबर असे, आणि धक्के सोसण्यासाठीं स्प्रिंगा बसविलेल्या असत. या सर्व सायकलींची घडी एकाच हेतूनें केलेली होती. रस्ता संपला, डोंगर लागला, कीं सायकलीनें माणसास नेण्याऐवजीं माणसानें सायकलीस न्यावें.

१९४१ सालची गरज निराळी होती. २२ जून १९४० रोजीं, म्हणजे फ्रान्सनें जर्मनीशीं शस्त्रसंधि केली त्याच दिवशीं, ब्रिटनचे पंतप्रधान चर्चिल यांनीं निदान पांच हजार छत्रीधारी सैनिकांचें दळ उभारण्याची सूचना दिली. हवाई छत्रीनें उतरणाऱ्या सैनिकाची अडचण अशी कीं तो आकाशांतून येतो खरा, पण जमिनीला पाय लागतांच तो केवळ पायदळांतील पायदळ होतो. वाऱ्यानें तो जावयाचें तेथून मैलोगणती दूर पडूं शकतो. त्याजवळ घोडा नाहीं, मोटार नाहीं. आणि ज्या पुलावर किंवा चौकावर त्यानें पोहोंचावयाचें तेथें शत्रु त्याच्याआधीं पोहोंचूं शकतो. म्हणून १९४१ सालीं ब्रिटनच्या युद्धखात्यानें अशी सायकल मागितली कीं जिचें वजन २३ पौंडांहून कमी असेल आणि जी हवाई छत्रीनें खालीं टाकली तरी मोडणार नाहीं. या दोन अटी परस्परांच्या वैरी आहेत, हें थोडा विचार केल्यास ध्यानांत येईल. न मोडावी तर पोलाद जाड हवें; हलकी हवी तर तें पातळ हवें. अखेर पहिली अट सुटली. तयार झालेल्या सायकलीचें वजन ३२ पौंडांच्या आसपास, म्हणजे सुमारें साडेचौदा किलो भरलें. तरीही आपल्याकडील जुन्या काळ्या सायकलींपेक्षां ती हलकीच होती.

ही सायकल तयार करणारी कंपनी म्हणजे बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स, संक्षेपानें बी. एस. ए. नांवांतच 'लहान शस्त्रें' आहेत. १८६१ सालीं बर्मिंगहॅमच्या बंदुका बनविणाऱ्या कारागिरांनीं ती स्थापिली, आणि एकमेकींना टेकून उभ्या केलेल्या तीन बंदुका हें तिचें बोधचिन्ह झालें. पुढें १८८० च्या सुमारास ती सायकलींच्या धंद्यांत शिरली. बंदुकीची नळी करणाऱ्या हातांनीं सायकलीची नळी केली, यांत नवल कांहीं नाहीं. या कंपनीनेंही युद्ध दुरून पाहिलें नाहीं. १९ नोव्हेंबर १९४० च्या रात्रीं तिच्या स्मॉल हीथ येथील कारखान्यावर बॉम्ब पडले आणि ५३ कामगार ठार झाले. त्यानंतर १९४२ ते १९४५ या काळांत तिनें घडीच्या सायकली केल्या. त्यांची संख्या सामान्यतः सुमारें ७०,००० सांगितली जाते.

आतां तिची रचना नीट समजून घेऊं, कारण ओळख पटविण्याचें खरें साधन तेंच आहे. आपल्या नित्याच्या सायकलीचा सांगाडा सरळ नळ्यांचा असतो. बाजूनें पाहिल्यास दोन त्रिकोण एकमेकांस चिकटलेले दिसतात. या सायकलीच्या नळ्या वांकविलेल्या आहेत. हँडलाखालून निघालेली वरची नळी कमानीसारखी मागें जाते, खालची तशीच उलट बाजूनें, आणि दोन्ही मिळून लांबट अंड्यासारखा आकार होतो. एकदां पाहिलेला हा आकार मनुष्य विसरत नाहीं. या अंड्याच्या मध्यावर दोन बिजागऱ्या आहेत : एक वर, बैठकीच्या पुढें, दुसरी खालीं, पायंडलांचा आंस जेथें बसतो त्याच्या पुढें. प्रत्येक बिजागरी एका पंखाच्या नटानें आवळलेली असते. पंखाचा नट म्हणजे दोन कान असलेला, पान्याशिवाय नुसत्या बोटांनीं फिरविण्याजोगा नट. हे दोन नट सैल केले कीं सायकल पुस्तकाप्रमाणें मिटते आणि पुढचें चाक मागच्या चाकाशेजारीं येऊन बसतें. रात्रीच्या अंधारांत, भिजलेल्या शेतांत, पाना शोधीत बसण्यास कोणास सवड होती?

पायंडलांचीही युक्ति पाहण्यासारखी आहे. आपल्या पायंडलावर रबराचे ठोकळे असतात. या सायकलीस नुसत्या गोल कांड्या आहेत. त्या आंतल्या बाजूस ढकलतां येतात, म्हणजे घडी केल्यावर बाहेर कांहींच उरत नाहीं आणि छत्रीच्या दोऱ्यांत अडकण्याची भीति राहत नाहीं. पाय ठेवावयास हें साधन सुखाचें नाहीं हें उघड आहे. पण ही सायकल सुखासाठीं केलेलीच नव्हती.

मला स्वतःला सर्वांत मौजेची वाटते ती तिला खालीं टाकण्याची रीत. सामान्य बुद्धि म्हणेल कीं सायकल चाकांवर उतरावी. परंतु तिला छत्रीस उलटी टांगीत, असें कीं बैठक आणि हँडल आधीं जमिनीस लागावीं. याचें कारण चाकाच्या बांधणींत आहे. चाकाची शक्ति त्याच्या बारीक तारांच्या ताणांत असते. स्वाराचा भार तें सहज पेलतें, पण तिरकस आदळलें तर त्याची कड वांकडी होते, आणि वांकड्या चाकाची सायकल म्हणजे निव्वळ लोखंड. बैठक वांकली तर वांकलेल्या बैठकीवर बसून जातां येतें, किंबहुना उभ्यानेंही जातां येतें. जें मोडलें असतां काम अडतें तें वर, जें मोडलें असतां भागतें तें खालीं. विज्ञान शिकणाऱ्या मुलांनीं या एका निर्णयावर अवश्य विचार करावा.

तिनें युद्धांत काय केलें? खरें सांगावयाचें तर जितकें योजिलें होतें तितकें नव्हे. विमानांतून टाकण्यासाठीं केलेली ही सायकल पुढें ग्लायडरमधून आणि नौकांमधूनही नेण्यांत आली. नॉर्मंडींत दुसऱ्या लाटेबरोबर उतरलेल्या पायदळाला ती दिलेली होती, पण किनाऱ्यावर आणि आंतील अरुंद रस्त्यांवर गर्दी इतकी दाटली कीं पुष्कळांनीं ती लौकरच रस्त्याच्या कडेला टाकून दिली. सप्टेंबर १९४४ मध्यें हॉलंडांतील आर्नहेमच्या लढाईंतही ती होती. त्या लढाईंत दहा हजारांहून अधिक सैनिक आकाशांतून उतरले आणि ऱ्हाइन नदी ओलांडून अडीच हजारांहूनही कमी परत आले. दरम्यान लहान जीप गाडी ग्लायडरमधून नेतां येऊं लागली होती, त्यामुळें सायकलीची मातब्बरी उतरली. शिवाय मोटारच्या लहानशा इंजिनाची 'वेलबाइक' नांवाची घडीची फटफटीही निघाली होती. चित्रांत पुष्कळजण तिची आणि या सायकलीची गल्लत करतात, पण तिचीं चाकें अगदीं लहान असतात आणि ती छत्रीबरोबर सोडावयाच्या लांबोळक्या डब्यांत बसे.

येथें एक भ्रम दूर केला पाहिजे, कारण त्याचा संबंध आपल्या देशाच्या सैनिकांशीं आहे. डिसेंबर १९४१ पासून मलायांत उतरलेलें जपानी सैन्य सायकलींवरून सिंगापूरकडे झपाट्यानें सरकलें, आणि त्याच्यापुढें माघार घेत लढणाऱ्यांत अकराव्या हिंदी डिव्हिजनचे जवान होते. यावरून 'जपान्यांच्या घडीच्या सायकली' अशी बोली कोठें कोठें ऐकूं येते. वस्तुतः त्या सायकली बहुतांशीं साध्या होत्या, आणि कित्येक तर तेथल्याच लोकांकडून घेतलेल्या होत्या. टायर फुटले कीं सैनिक तसेच लोखंडी कडांवर जात, आणि रात्रीं तो खडखडाट रणगाड्यांसारखा भासे, असें एका जपानी अधिकाऱ्यानें लिहून ठेवलें आहे. युद्धांतील प्रत्येक सायकल घडीची नव्हती. एवढें ध्यानांत ठेवलें तरी अर्धी फसवणूक टळेल.

आतां शोधाकडे वळूं. आपल्यापैकीं ज्यांचे आप्त इंग्लंडांत किंवा हॉलंडांत आहेत त्यांना अशी एखादी सायकल प्रत्यक्ष पाहण्याचा योग येऊं शकेल. युद्ध संपल्यावर सैन्यास नको असलेला माल लोकांना विकण्यांत आला आणि ही सायकलही शेतकरी, कामगार, शाळकरी मुलें यांच्या हातीं गेली. त्यांनीं ती वापरली. कोणी तिला तांबडा रंग दिला, कोणी पायंडलाच्या कांड्या काढून रबरी पायंडलें बसविलीं, कोणी बिजागरी खडखडते म्हणून ती कायमची जोडून टाकली. म्हणून खरी सायकल बहुधा 'लष्करी' दिसतच नाहीं. उलट जी सायकल हिरव्या रंगांत चकचकीत, नव्या कातड्याच्या पिशव्या लावून, युद्धचित्रपटांतून आल्यासारखी उभी असेल तिच्याजवळ अधिक सावधपणें जावें.

पहिली परीक्षा बोधचिन्हाची करूं नये. बी. एस. ए. ही अक्षरें किंवा तीन बंदुका दिसल्या म्हणजे सायकल लष्करी, हा समज अगदीं चुकीचा आहे. ती कंपनी पूर्वीपासून साध्या सायकली मोठ्या संख्येनें विकीत असे. आणि हेंच नांव पुढें मद्रासच्या कारखान्यांत झालेल्या सायकलींवरही आलें, म्हणून तर तें आपल्या मुलांमुलींना इतकें परिचयाचें आहे. प्रथम आकार पाहावा, मग बिजागऱ्या. बिजागरी आरंभापासूनची असली तर तिच्या पट्ट्या नळीशीं सफाईनें जोडलेल्या असतात आणि दोन्ही पट्ट्या एकमेकींवर तंतोतंत बसतात. साधा सांगाडा कापून मागाहून बिजागरी बसविली असेल तर सांध्याचा ओबडधोबड कंगोरा बोटाला लागतो. डोळ्यांपेक्षां बोट येथें अधिक खरें सांगतें. पट्ट्यांच्या आंतल्या तोंडांवर, जेथें नंतरच्या रंगाऱ्याचा कुंचला पोहोंचत नाहीं, तेथें मूळचा हिरवट किंवा तपकिरी रंग पुष्कळदां शिल्लक असतो.

मग क्रमांक पाहावा. तो पोलादावर ठोकलेला असतो, रंगविलेला नसतो. आणि या सायकलींच्या क्रमांकाआधीं इंग्रजी 'आर' हें अक्षर आढळतें. बैठकीखालचा सांधा आणि पायंडलांच्या आंसाची आडवी नळी या दोन्ही जागा पाहाव्या. रंगाचे थर जाड असले तर पातळ कागद वर ठेवून शिसपेन्सिल हलकेच फिरवावी, म्हणजे नाण्याचा छाप उमटतो तसे आंकडे उमटतात. खरवडूं नये. टायर, हातांच्या मुठी, बैठकीचें कातडें हीं बदललेलीं असलीं तर त्यांत कांहीं दोष नाहीं. ऐंशी वर्षें रबर टिकत नसतें. सांगाडा, बिजागऱ्या आणि क्रमांक हीं मात्र मूळचीं असावीं लागतात.

ज्यांच्याशीं हिची गल्लत होते अशा सायकली चार-पांच आहेत. सर्वांत फसवी म्हणजे त्याच कंपनीची 'पॅराबाइक'. युद्धाच्या सुमारास छत्रीधारी सैनिकांविषयीं मुलांना वाटणारें आकर्षण ओळखून कंपनीनें मुलांसाठीं ही लहान सायकल काढली. तिच्या नळ्या तशाच वांकविलेल्या, नांवही तसेंच. पण तिला बिजागऱ्या नाहींत, ती मिटत नाहीं, आणि ती कधींही युद्धावर गेली नाहीं. अमेरिकेंतील वेस्टफील्ड कंपनीची 'कोलंबिया कॉम्पॅक्स' दुमडत नाहीं, तिचे दोन निरनिराळे तुकडे होतात. तीही युद्धानंतर सर्वांना विकत मिळे. ब्रिटिश सैन्याची मोठ्या चाकांची साधी सायकल घडीच्या सायकलीहून जड असून तिचा सांगाडा सरळ नळ्यांचा असतो. स्वित्झर्लंडच्या सैन्याची १९०५ च्या नमुन्याची सायकल बाजारांत पुष्कळ दिसते. ती चांगलीच भारी आहे आणि मुळींच दुमडत नाहीं. 'पॅराट्रूपर' हेंच नांव घेऊन अमेरिकेंतील माँटेग्यू कंपनीनें बऱ्याच अलीकडे काढलेली घडीची सायकलही आहे. ती चांगली असेल, पण १९४४ शीं तिचा संबंध नाहीं.

समजा, सायकल खरी ठरली. आतां विकणारा म्हणतो, "ही आर्नहेमला उतरलेली आहे." येथें पालकांनीं विशेष लक्ष द्यावें, कारण या एका वाक्यासाठींच बहुधा अधिक पैसे मागितले जातात. क्रमांक सांगतो कीं ही वस्तु अमुक कारखान्यांत झाली. ती कोणाच्या हातांत होती, कोठें उतरली, तिचा स्वार परत आला कीं नाहीं, हें क्रमांक सांगत नाहीं. सुमारें सत्तर हजारांपैकीं थोड्याच प्रत्यक्ष लढाईंत गेल्या असणार. एखाद्या कुटुंबाजवळ त्या काळचें पत्र असेल, सायकलीसह काढलेलें छायाचित्र असेल, शेत कोणाचें आणि तेथें कोणत्या दिवशीं सैन्य होतें याची नोंद असेल, तर गोष्ट निराळी. नुसत्या तोंडच्या गोष्टीवर अशी सायकल शाळेच्या किंवा गांवाच्या संग्रहांत 'आर्नहेमची' म्हणून मांडली, तर जे तेथें खरोखर मेले त्यांच्या नांवावर आपण एक बनावट गोष्ट चढवितों. पैसे बुडणें हें त्यापुढें लहान नुकसान आहे, असें मला वाटतें.

याच कारणासाठीं सांपडलेली सायकल लगेच घासूनपुसून रंगवूं नये. आमच्याकडे मुलें जुनी शिवराई सांपडली कीं चिंच लावून ती लखलखीत करतात आणि मोठ्या अभिमानानें दाखवावयास आणतात; त्या घासण्यांत तिच्यावरचीं उरलींसुरलीं अक्षरें गेलेलीं असतात. सायकलीचेंही तसेंच आहे. तिच्यावरील रंगाचे थर म्हणजे तिची जन्मपत्रिकाच : तळाशीं सैन्याचा रंग, त्यावर शेतकऱ्याचा, त्यावर त्याच्या मुलाचा. एखाद्या झांकलेल्या जागीं, नखाएवढ्या तुकड्यावर, हे थर क्रमानें उलगडून पाहावे आणि तेवढ्यावरच थांबावें. गंज पसरत असेल तर मऊ फडक्यानें पातळ तेल लावावें. पॉलिश कागदाचें काम नाहीं.

शोध घेणाऱ्यानें एक वही ठेवावी आणि तिच्या पानाचे दोन भाग करावे. डावीकडे जें डोळ्यांनीं पाहिलें आणि हातानें मोजलें तें लिहावें : चाकाचा व्यास (तो साधारण २६ इंच भरावा), वजन, क्रमांक, बिजागरींची स्थिति, रंगांचे थर. उजवीकडे विकणाऱ्यानें किंवा घरच्या वृद्धानें जें सांगितलें तें त्याच्याच शब्दांत, तारखेसह लिहावें. उजवीकडची गोष्ट पुरावा मिळाल्यावांचून डावीकडे नेऊं नये. सायकल जागची हलविण्यापूर्वीं चारही बाजूंनीं छायाचित्रें घ्यावीं. एखादा मूळ भाग पुष्कळदां तेथेंच भिंतीला टेकून किंवा कडब्याखालीं पडलेला असतो.

आणि ती चालवून पाहण्याचा मोह मुलांनीं आवरावा. इतक्या जुन्या बिजागरीचें पोलाद आंतून खचलेलें असूं शकतें, आणि भर वेगांत सायकल मिटली तर काय होईल तें सांगावयास नको. घडी मात्र एकदां करून पाहावी, दोघांनीं मिळून, एकानें पुढचा भाग व एकानें मागचा धरून. नट फिरत नसेल तर तेलाचे दोन थेंब सोडून एक दिवस थांबावें, आणि दुसऱ्या दिवशीं पुन्हां बोटांनींच प्रयत्न करावा. त्या पंखांना पक्कड लावूं नये. ते तुटले तर मूळचे दुसरे मिळणें कठीण आहे.